गंजात साठलेलं लगन

धामणगाव रेल्वेतल्या एखाद्या जुन्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमला टेकून, एक काळी व्हीएचएस कॅसेट अजून सापडते. पाठीवर नवरदेव-नवरीची नावं आणि तारीख. आत काय आहे? प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. सरळ बोलायचं तर गंज. त्या गंजाच्या कणांची चुंबकी दिशा वळवून मंडप, जानोसा, वरात, रुसलेला जावई आणि आज हयात नसलेली आजी, सगळं त्यात बसवलं आहे. पट्टी उजेडात धरून पाहा, काहीही दिसत नाही. सिनेमाच्या फिल्मवर निदान चित्र असतं. इथे व्हीसीआर दर वेळी चित्र नव्यानं घडवतो.

तीन तासांच्या कॅसेटमध्ये फीत असते साधारण अडीचशे मीटर. ती सेकंदाला सव्वादोन सेंटीमीटरपेक्षा थोडी जास्त सरकते, म्हणजे मुंगीच्या चालीनं. पण चित्रासाठी लागणारी माहिती ध्वनीपेक्षा शेकडो पटींनी दाट असते आणि ती लिहायची तर यंत्राच्या चुंबकी हेडखालून फीत फार वेगानं जायला हवी. बीबीसीनं १९५८ साली सरळ मार्ग धरून पाहिला होता. त्यांच्या ‘व्हेरा’ यंत्रात फीत सेकंदाला पाच मीटर धावायची आणि अर्ध्या मीटरहून मोठ्या रिळावर जेमतेम १५ मिनिटांचा कार्यक्रम मावायचा. आपल्याकडच्या लग्नात तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरतसुद्धा नाही.

यावरची युक्ती अशी, की फीत सावकाश चालू द्यायची आणि हेड पळवायचं. जेव्हीसीनं १९७६ साली जपानात आणलेल्या व्हीएचएसमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा एक ढोल आहे, किंचित कललेला. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ फेरे घेतो. ढोलावर समोरासमोर बसवलेली दोन हेडं फितीवर तिरप्या रेघा ओढत जातात, नांगराच्या तासांसारख्या एकीला लागून एक. प्रत्येक रेघ सुमारे १० सेंटीमीटर लांब आणि ४९ मायक्रॉन रुंद, केसाहूनही बारीक. एका रेघेत अर्धं चित्र, दोन रेघांत एक पूर्ण.

आता गणित करा. सेकंदाला ५० रेघा, तीन तासांत ५ लाख ४० हजार. त्या सगळ्या टोकाला टोक जोडल्या तर ५० किलोमीटरच्या वर जातील. धामणगावहून निघून यवतमाळ गाठलं तरी थोडी रेघ हातात उरेल. हे सगळं एका मुठीत मावणाऱ्या रिळावर! आणि या रेघांच्या मध्ये धुरा नाहीच. शेजारची रेघ मिसळू नये म्हणून दोन्ही हेडांच्या फटी एकमेकींच्या उलट दिशेला सहा-सहा अंशांनी तिरप्या ठेवल्या आहेत. एका हेडनं लिहिलेलं दुसऱ्याला जवळजवळ वाचताच येत नाही. हे ज्यांना सुचलं, त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

अशी कॅसेट डिजिटल करणं म्हणजे फितीवरून वाचलेल्या चित्राची लहर मोजून आकड्यांत लिहिणं. व्हीसीआरमधून येणारा हा सिग्नल संगणकाचं कॅप्चर कार्ड सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा मोजतं. काही न दाबता तीन तासांचं लगन साठवलं तर २२४ जीबी होतं. म्हणून ते दाबून लहान करतात. घाई मात्र चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

खरी अडचण वेळेची आहे. चित्राची प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची हवी. पण ताणलेली, आकसलेली फीत कधी ओळ लवकर देते, कधी उशिरा. जुना टीव्ही हे निभावून न्यायचा. संगणक अडतो, चौकटी गळतात, आवाज मागे-पुढे होतो. त्यासाठी ‘टाइम बेस करेक्टर’ नावाचं यंत्र ओळ क्षणभर धरून ठेवतं आणि ठरल्या वेळी सोडतं. कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानात ते आहे का, हे विचाराच.

वऱ्हाडाची हवा या फितीला मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत, टिनाखाली त्याहून जास्त. त्यानं गुंडाळी सैल-घट्ट होते. मग पावसाळ्याची ओल कण धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला कुजवते आणि बुरशीला बोलावते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती मुळीच लावून पाहू नका. बुरशी हेडवर जाते, तिथून पुढच्या कॅसेटवर.

आणखी एक गोष्ट. आवाज फितीच्या कडेला वेगळ्या सरळ रेघेत असतो, म्हणून चित्राला धक्का न लावता त्यावर सिनेमाची गाणी चढवता येत. मिक्सिंगमध्ये मंगलाष्टकं आणि बायांचा गलका त्या गाण्यांखाली गेला. घरात शूटिंगची मूळ कॅसेट असेल तर मिक्सिंग केलेलीच्या आधी ती उतरवा.

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी उरली होती, त्या जपानच्या फुनाईनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवं यंत्र आता येत नाही; जुनी आहेत तीच झिजत आहेत. तेव्हा येत्या पावसाळ्याआधी कॅसेट काढा, मागच्या कडेचं प्लास्टिकचं पान मोडलेलं नसेल तर मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि काम झालं म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका.