बदलीच्या गावातला पहिला सवंगडी

देवळाली कॅम्पात बदलीचा हंगाम आला की लष्करी वसाहतींसमोर काळ्या पेट्या उतरू लागतात. पेट्यांची कुलुपे उघडण्याआधीच चार वर्षांचे एखादे मूल दाराशी येऊन उभे राहते. समोर घसरगुंडी असते, आठदहा मुलांचा गलका असतो. पण त्यांतला एकही चेहरा ओळखीचा नसतो. कोणी पंजाबी बोलते, कोणी तमिळ, कोणी मराठी. आई आतून म्हणते, "जा ना रे, खेळ त्यांच्याशी." मूल जागचे हलत नाही.

अशा वेळी 'आमचा जरा बुजरा आहे' असे त्याच्या देखतच सांगून आपण मोकळे होतो. वास्तविक ते मूल रिकामे उभे नसते. कोणाचे राज्य आहे, भांडण झाले की शब्द कोणाचा चालतो, झोपाळ्याची पाळी कशी ठरते, हे सारे ते टिपत असते. मुलांच्या खेळाच्या अभ्यासकांना असे आढळले आहे की, एकदम मध्ये घुसून स्वतःविषयी बोलू लागणाऱ्या मुलापेक्षा, आधी पाहणारे, मग शेजारी बसून तसेच काही करू लागणारे मूल गटात लवकर सामावले जाते. म्हणून त्याला पुढे ढकलू नये. आपणच त्याच्यासह जवळ जाऊन बसावे, त्याच्या हाती वाळूची बादली द्यावी आणि थोड्या वेळाने मागे सरावे.

वयाचे भान मात्र ठेवावे. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने 1932 साली लहान मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या. आधी एकट्याने खेळणे, मग दुसऱ्याच्या शेजारी पण आपापले खेळणे, पुढे देवघेव आणि शेवटी काही ठरवून मिळून खेळणे, असा तो सर्वसाधारण क्रम. अडीच वर्षांचे मूल मोटार देत नाही म्हणून त्याला स्वार्थी ठरवणे अन्यायाचे आहे. 'आपल्याला हवे ते दुसऱ्याला नको असू शकते' ही जाणच मुळी हळूहळू येते आणि दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे तर चौथ्या वर्षाच्या सुमारास उमगू लागते. पाहुण्यांची मुले येण्यापूर्वी अत्यंत लाडके खेळणे कपाटात ठेवून द्यावे आणि बाकीची सर्वांसाठी मांडावीत. निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

आपल्याकडच्या अंगणातल्या खेळांनी या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. ते म्हणजे लिंबूटिंबू. धाकट्याला डावात घ्यायचे, त्याने धावायचे, ओरडायचे. पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य यायचे नाही. हरण्याची भीती नसलेले असे सभासदत्व नव्या मुलालाही द्यावे. वसाहतीतल्या एखाद्या मोठ्या ताईला हे विश्वासाने सांगितले, तर ती ते आपल्यापेक्षा चोख पार पाडते. लगोरी आणि पकडापकडी यांना भाषाही फारशी लागत नाही.

भाषेचे सांगायचे तर, परक्या भाषेच्या बालवाडीत मूल काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहते. ऐकत मात्र असते. घरची बोली सोडून द्यावी असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. भांडणानंतर 'मला राग आला' हे म्हणायला मुलाला आधी मायबोलीतच शब्द सापडतात.

मूल येत नसेल तर आपण त्याच्यापर्यंत जावे, हा धडा महाराष्ट्राला ताराबाई मोडकांनी दिला. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. नव्या गावात आईनेही हेच करावे. दहा मुलांच्या घोळक्यात सोडण्यापेक्षा शेजारचे एकच मूल घरी बोलवावे आणि दोघांना मिळून काम द्यावे, मटार सोलायचे किंवा कुंड्यांना पाणी घालायचे. समोरासमोर बसून 'मैत्री करा' म्हटल्याने कोणाची मैत्री झालेली नाही.

बुजरेपणा आणि विकासातली अडचण यांत फरक आहे. वर्ष उलटूनही हाकेला प्रतिसाद नाही, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवत नाही, नजर देत नाही किंवा येणारे शब्द हरपले, तर 'होईल मोठेपणी' म्हणत थांबू नये. प्रथम श्रवणाची तपासणी करावी आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीही अशा मुलांची तपासणी होते.

आणखी एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते, ते म्हणजे निरोप. ब्रिटिश अमदानीत मायदेशीच्या बोटीची वाट पाहत याच छावणीत अडकलेले गोरे शिपाई वेडेपिसे होत, असे म्हणत. त्यावरून देवळालीचे नाव इंग्रजीत वेडेपणाचा शब्द होऊन बसले. प्रौढांना सोसत नाही ते पाच वर्षांच्या मुलाने मुकाट्याने सोसावे, अशी आपली अपेक्षा असते. बदलीचा हुकूम आला की त्याला लवकर सांगावे. सवंगड्यासाठी एक खेळणे त्याचे त्यालाच निवडू द्यावे, दोघांचे छायाचित्र काढावे आणि ते छायाचित्र पेटीत तळाशी न घालता, नव्या घरी पहिल्याच दिवशी हाताशी येईल असे वर ठेवावे.