सोलानीचा जलसेतू

हरिद्वारच्या नैर्ऋत्येस रुडकी नावाचे नगर आहे. त्याच्याजवळून सोलानी नदी वाहते. उन्हाळ्यात पाहिली, तर ती रेताड पात्रातील एक सामान्य नदी वाटते. पण पावसाळ्यात शिवालिकच्या डोंगरांवरून उतरणाऱ्या पाण्याने ती दुथडी भरून धावू लागते. या नदीवर एक जुना पूल आहे. पुलावरून माणसे आणि गाड्या जाताना आपण नित्य पाहतो. हा पूल मात्र पाणी पलीकडे नेण्यासाठी बांधला आहे. खाली नदीचा प्रवाह आणि वर कमानींच्या खांद्यांवर गंगेचा कालवा, अशी येथील रचना आहे. अशा पुलाला जलसेतू म्हणतात.

गंगा आणि यमुना यांच्यामधील प्रदेशास दुआब हे नाव आहे. १८०३ सालच्या सुर्जी-अंजनगावच्या तहापर्यंत त्याचा मोठा भाग शिंद्यांच्या अमलाखाली होता. त्या तहाने तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दोन्ही अंगांना दोन महानद्या असूनही येथील शेतकऱ्याला पावसाच्याच तोंडाकडे पाहावे लागे. कारण नद्या सखल पात्रांतून वाहत आणि शेते उंचावर असत. १८३७ साली पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या, चारा संपला, गुरे मेली आणि गावेच्या गावे अन्नाच्या शोधात बाहेर पडली. १८३८ सालापर्यंत या दुष्काळात अदमासे आठ लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. एवढे पाणी उशाशी असता माणसांनी तहानेने आणि भुकेने मरावे, ही गोष्ट विचारी माणसांच्या मनाला बोचू लागली.

गंगेचे पाणी दुआबात आणण्याची योजना प्रोबी कॉटली या अधिकाऱ्याने मांडली. तो मूळचा तोफखान्यातील सैनिक. परंतु यमुनेच्या पूर्व कालव्यावर काम करून त्याने स्थापत्याचे ज्ञान संपादन केले होते. सुमारे सहा महिने तो या प्रदेशात घोड्यावरून आणि पायी हिंडला आणि जमिनीचे चढउतार त्याने स्वतः मोजले. एप्रिल १८४२ मध्ये खोदकामास प्रारंभ झाला.

कालव्याचा आरंभ हरिद्वारला. तेथून पाणी दुआबाच्या उंच कण्यावर आणावयाचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या उतारांवरील शेतांना ते आपोआप मिळेल, असा बेत होता. पाण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. एकदा ते खाली उतरले, की आपण होऊन पुन्हा वर चढत नाही. म्हणून कालव्याने आपली उंची जपत, अगदी अल्प उताराने पुढे जावयास हवे होते. परंतु हरिद्वार ते रुडकी या टप्प्यात डोंगरातून येणारे चार मोठे प्रवाह त्याच्या वाटेत आडवे होते. कॉटलीने प्रत्येक ठिकाणी जमिनीची उंची पाहून निरनिराळा मार्ग काढला. रानीपूर आणि पथरी येथे ओढे कालव्याहून उंच होते. तेथे त्याने पूल बांधून ओढेच कालव्याच्या डोक्यावरून नेले. धनौरी येथे रतमऊ नदी आणि कालवा एकाच पातळीवर आले. तेथे दरवाजांची योजना करून पुराचे पाणी कालव्यातून आरपार जाऊ दिले. रुडकीजवळ सोलानीचे खोरे कालव्याहून बरेच खाली होते. तेथे कालव्यालाच नदीवरून न्यावे लागले.

हे काम सर्वांत अवघड ठरले. खोऱ्याच्या सखल भागात सुमारे पावणेतीन मैल लांबीचा मातीचा प्रचंड भराव घालण्यात आला. नदीच्या पात्रावर प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या १५ कमानी उभारण्यात आल्या. त्यांवर प्रत्येकी ८५ फूट रुंदीचे दोन जलमार्ग शेजारी शेजारी बांधले. त्यांत १० फूट खोल पाणी राहील असे धरून चालले, तर कमानींवरील केवळ पाण्याचेच वजन सुमारे ३६ हजार टन भरते. नदीचे पात्र मात्र वाळूचे होते. मग एवढा भार पेलणारा पाया घालावयाचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशातील विहिरी बांधणाऱ्या कारागिरांकडे होते. वाळूत विहीर करावयाची असता ते प्रथम जमिनीवर विटांचे कडे बांधीत आणि मग आतील वाळू उपशीत. वाळू निघे तसतसे ते कडे आपल्याच भाराने खाली उतरे; मग वर आणखी बांधकाम चढवीत. हीच युक्ती येथे मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. २० फूट लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच असे विटांचे ठोकळे बांधून, प्रत्येकात विहिरींसारखी चार पोकळ भोके ठेवून, त्यांतून वाळू उपसत ते पात्रात उतरवण्यात आले. त्यांवर सेतूचे खांब उभे राहिले. विलायती गणित आणि देशी कारागिरांचे पिढीजात कसब यांचा हा संगम होता.

विटा आणि चुना कामाजवळच तयार होत. माती वाहण्यासाठी रूळ घालून त्यांवर गाड्या चालवीत. १८५१ साली येथे इंग्लंडहून आणलेले वाफेचे एंजिनही धावले. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती त्यानंतर, १६ एप्रिल १८५३ रोजी.

या कामात एक अडचण अशीही आली, जी गणिताने सुटणारी नव्हती. गंगेला बांध घालून तिला कोंडून टाकणार, म्हणून हरिद्वारचे पुरोहित अस्वस्थ झाले. कॉटलीने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. बांधात एक वाट मोकळी ठेवून गंगेची धार अखंड वाहू देण्याचे त्याने मान्य केले आणि घाटांच्या दुरुस्तीचे कामही अंगावर घेतले. बांधाच्या कामाचा आरंभ गणेशपूजनाने झाला. श्रद्धेला धक्का न लावताही लोकोपयोगी काम होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडण्यात आले. बारा वर्षांच्या श्रमांची ती परीक्षाच होती. पाणी आले, भरावावरून पुढे सरकले आणि पंधरा कमानींवरून सोलानी ओलांडून गेले. वाळूतील पायाने भार पेलला. जलसेतूच्या दोन्ही टोकांस बसवलेल्या भव्य सिंहमूर्ती आजही पाहावयास मिळतात.

मूळ कालवा ३४८ मैल लांबीचा होता. त्याच्या शाखा आणि पाट वेगळेच. एवढी लांब जलरेषा देशातून गेली, की एका गावाची शेते दोन तीरांवर विभागली जातात. म्हणून कालव्यावर जागोजागी रस्त्यांचे पूल बांधण्यात आले. बैलगाड्या, यात्रेकरू आणि गुरे त्यांवरून ये-जा करू लागली. अनेक पुलांच्या बाजूंना पायऱ्यांचे घाटही बांधले होते. त्यामुळे गंगेपासून दूरच्या गावांतील लोकांना आपल्या गावच्या पुलाशीच गंगास्नान घडू लागले.

१८६०-६१ साली या प्रदेशात पुन्हा दुष्काळ पडला. जेथे कालव्याचे पाणी पोचले होते, तेथील शेतांत पीक उभे राहिले. जेथे पोचले नव्हते, तेथील हाल मात्र चुकले नाहीत. कालव्याचे सर्वच परिणाम चांगले झाले असेही नाही. काही ठिकाणी पाणी झिरपून जमिनी पाणथळ झाल्या, काहींवर खार फुटला आणि साचलेल्या पाण्यामुळे हिवतापही वाढला. पाणी आणणे जितके आवश्यक, तितकेच नको असलेल्या पाण्याचा निचरा करणेही आवश्यक, हा धडा पुढील स्थापत्यविशारदांना त्यातून मिळाला.

या प्रचंड कामासाठी शिकलेली माणसे हवी होती. म्हणून १८४७ साली रुडकी येथे स्थापत्यशिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. १९४९ साली त्याचे विद्यापीठ झाले आणि २००१ साली त्यास भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा लाभला. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले विद्यार्थी तेथे शिकतात आणि त्यांच्या शाळेपासून थोड्याच अंतरावर जुन्या जलसेतूच्या कमानी सोलानीच्या पात्रात उभ्या आहेत. कॉटलीचे नाव इतिहासात राहिले. ज्यांनी वाळूत ते ठोकळे उतरवले, विटा भाजल्या आणि डोक्यावरून माती वाहिली, त्या सहस्रावधी कारागिरांची व मजुरांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांच्या हातचे काम मात्र त्या कमानींत आजही दिसते.