स्टॉकहोमचं वार्तापत्र : कच्च्या बलकामागची कडक शिस्त

'रोबिफ' हा इथला जुना, आवडता पदार्थ. गोमांसाचा बारीक खिमा, चिरलेला कांदा, बीट आणि वर अंड्याचा पिवळा बलक. खिमा कच्चा, बलकही कच्चाच. नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो. स्वीडिश माणूस मात्र बलक खिम्यात कालवून निर्धास्त खातो.

या निर्धास्तपणाची किंमत या देशाने मोजलेली आहे. १९५३च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या अल्वेस्ता गावातल्या कत्तलखान्यातून साल्मोनेला हा जिवाणू मांसाबरोबर ठिकठिकाणी पोचला. सुमारे ९ हजार लोक आजारी पडले, जवळपास ९० दगावले. त्या धक्क्यातून साल्मोनेलाविरुद्धची मोहीम उभी राहिली आणि १९६१पासून तिला कायद्याचं बळ मिळालं.

एरवी अशा आजारांची जबाबदारी स्वयंपाक करणाऱ्यावर ढकलली जाते : मांस नीट शिजवा, सुरी धुवा, हात धुवा. स्वीडनने जिवाणूला गोठ्याच्या आणि खुराड्याच्या दारातच अडवायचं ठरवलं. मला हे फार न्याय्य वाटतं. आजारी पडणाऱ्याच्या हातात खुराडं नसतं.

सुरुवात खाद्यापासून होते. कोंबडीखाद्य कारखान्यातच तापवून निर्जंतुक केलं जातं. कोंबड्या कत्तलीला जाण्याआधी कळपाची तपासणी होते, तीही किती साधी! बुटांवर कापडी मोजे चढवायचे, शेडभर चालायचं आणि विष्ठेने माखलेले ते मोजे प्रयोगशाळेत पाठवायचे. साल्मोनेलाचे अडीच हजारांवर प्रकार आहेत. इथे कुठलाही सापडला तरी कारवाई होते. कोंबड्यांचा कळप नष्ट केला जातो. गाईगुरांच्या किंवा डुकरांच्या फार्मवर सापडला, तर फार्म स्वच्छ ठरेपर्यंत जनावरांची ने-आण बंद. नुकसानीचा काही भार सरकार उचलतं, त्यामुळे शेतकऱ्याला रोग लपवावासा वाटत नाही. १९९५मध्ये युरोपीय संघात जातानाही स्वीडनने हा आग्रह सोडला नाही. इथे येणारं मांस आणि अंडी साल्मोनेलासाठी तपासलेली असावीत, ही हमी घेऊनच तो आत गेला.

कसोटीचे प्रसंग येतातच. २०२२च्या अखेरीस एका मोठ्या अंडी उत्पादकाकडे साल्मोनेला सापडला. कोंबड्या मारल्या गेल्या आणि २०२३च्या ईस्टरच्या सुमारास, ऐन अंड्यांच्या सणाला, दुकानांत अंड्यांची टंचाई झाली.

कॅम्पिलोबॅक्टरपुढे मात्र ही व्यवस्था अजून थिटी पडते. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतो, पण तिला आजारी पाडत नाही; उन्हाळ्यात माश्यांबरोबरही शेडमध्ये शिरतो. २०१६-१७मध्ये त्याने हजारो लोकांना अंथरुणाला खिळवलं. शोध घेत अधिकारी एका कत्तलखान्यात पोचले. कोंबड्या वाहून नेणारे क्रेट धुण्याचं यंत्र तिथे चुकीचं बसवलेलं होतं, त्यामुळे धुतलेले क्रेटही अस्वच्छच राहत होते.

या आजारांचा रुग्ण सापडला की डॉक्टरला तसं अधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. उपचार मोफत होतात, आणि कुठे, काय खाल्लं याची चौकशी होते. कोंबडी मात्र इथेही पूर्ण शिजवूनच खायची असते. तिच्या बाबतीत बलकाइतकी खात्री कुणी देत नाही.