माळाच्या मुळावर आलेली झाडे

खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या आसपास भरतो आणि अथणीला सहाशेही धड गाठत नाही. दोनशे किलोमीटरच्या आत पाऊस एवढा घसरला की जमिनीचे रूपच पालटते. जांबोटी-भीमगडचे दाट जंगल मागे पडते, पारिश्वाड-इटगीकडे शिवार मोकळे होत जाते आणि पुढे गोकाक, रायबाग, अथणीच्या बाजूला बोर, बाभूळ, तरवड आणि गुडघाभर गवत यांचा माळ लागतो. निपाणीजवळ तवंदीचा घाट चढतानाही उघड्या, गवताळ टेकड्या दिसतात.

मोकळी जमीन खुद्द जंगलपट्ट्यातही आहे, पण तिची गोष्ट वेगळी. चोर्ला-कणकुंबी भागातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर पाऊस भरपूर असूनही झाड उभे राहत नाही, कारण मुळांना माती मिळत नाही. पावसाळ्यात या कातळावर पाणी साचते आणि सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. पूर्वेकडच्या माळावर हेच काम कोरडा हंगाम, वणवा आणि चराई मिळून करतात.

महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद गायरान, पड किंवा खराबा अशी असते. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली, हा ब्रिटिश आमदनीतला हिशेब अजून पुसला गेलेला नाही. देशाच्या अधिकृत पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी आणि गवताळ माळ सर्रास धरले जातात. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ साली उपग्रहचित्रांच्या आधारे भारतातील निमशुष्क मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यानुसार देशाचा सुमारे दहावा हिस्सा या प्रकारात मोडतो आणि त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी भाग अभयारण्यांत येतो.

इथे एके काळी घनदाट अरण्य होते आणि माणसाने तोडून त्याचा माळ केला, हा समज पक्का रुजलेला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तो जुन्या मराठी वाङ्मयाच्या आणि धनगरी ओव्यांच्या आधाराने तपासला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या उल्लेखांत आलेल्या झाडाझुडपांची नोंद घेतली आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात त्या काळीही काटेरी, विरळ झाडांचा गवताळ मुलूखच होता, असे त्यांतून दिसते. पुराव्यासाठी संशोधक ओव्यांकडे वळले, ही गोष्ट धनगरांच्या मुलखात तरी कुणाला नवलाची वाटू नये.

माळाचे खरे भांडवल जमिनीखाली असते. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते उन्हाळ्यात वाळून जातात, वणव्यात वरची पाती जळतात. मुळे मात्र जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटवे येतात. जंगलातला बराच कार्बन खोडाफांद्यांत असतो, गवताळ प्रदेशातला मुख्यतः मातीत. त्यामुळे माळ नांगरला की तोही सुटू लागतो. उसासाठी वर्षानुवर्षे नांगरलेल्या जमिनीत नंतर गवत उगवले, तरी जुन्या माळाची विविधता सहज परत येत नाही.

इथले प्राणी उघड्यावर जगायला घडलेले आहेत. काळवीट आणि चिंकारा दूरवर नजर ठेवून धावण्याच्या बळावर वाचतात. धाविक, पखुर्डी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात आणि रंगाने मातीत मिसळून जातात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी नाकतोडे टिपतात आणि रात्री उंच गवतात उतरून झोपतात. या साऱ्यांच्या वर असतो लांडगा. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३,१०० लांडगे आहेत, म्हणजे वाघांपेक्षा कमी. पण वाघाला मिळते त्याच्या शतांशानेही लक्ष त्यांना मिळत नाही.

काळवीट हटले तिथे लांडगा मेंढ्यांवर जगतो. निपाणीजवळच्या आप्पाचीवाडी-कुर्लीला हालसिद्धनाथाच्या भाकणुकीसाठी जमणारा धनगर समाज दख्खनी मेंढरांचे कळप घेऊन माळावरून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आला आहे. सुगीनंतर शेतात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा व्यवहार शेतकऱ्यालाही सोयीचा होता. फिरत्या कळपामुळे गवत खुडले जाते आणि त्याला विसावाही मिळतो. गायराने आटली की तोच कळप एका तुकड्यावर अडकतो, गवत मुळापासून संपते आणि ठपका मेंढपाळावर येतो.

माळाचे मोठे नुकसान झाडे लावण्याच्या सद्‌हेतूनेही झाले आहे. हावेरी जिल्ह्यातील राणीबेन्नूर अभयारण्य १९७४ साली काळविटांसाठी जाहीर झाले. तिथे माळढोकही होता. पण ११९ चौरस किलोमीटरपैकी बऱ्याच क्षेत्रावर निलगिरी लावलेली होती. माळढोकाला नाचायला आणि घरटे करायला मोकळी जमीन लागते. झाडी वाढली, गवत हटले आणि कालांतराने पक्षी दिसेनासा झाला. इतरत्र हेच काम गिरिपुष्प, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ करत आहेत.

अमेरिकेच्या पश्चिम भागात नेमकी उलटी कुऱ्हाड चालते. तिथल्या कोरड्या पठारांवर सेजब्रश हे सुगंधी झुडूप पसरलेले आहे. जोतिबाला वाहतात त्या दवण्याचे ते भाऊबंद. दोन्ही एकाच प्रजातीतले. या झुडपांवर जगणाऱ्या सेज ग्राउस पक्ष्यांची संख्या १९६५ पासून सुमारे ८० टक्क्यांनी घटली. सेजब्रशमध्ये जुनिपरची झाडे शिरली की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि ग्राउस तो भाग सोडतात. म्हणून संवर्धनासाठी तिथे मोठ्या प्रमाणावर जुनिपर तोडले जातात. झाड तोडून निसर्ग राखता येतो, हे आपल्याकडच्या वृक्षारोपणाच्या उद्दिष्टांत बसत नाही.

कर्नाटकाने अलीकडे काही पावले उचलली आहेत. बेळगावला लागून असलेल्या बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळीला चिंकारांसाठी अभयारण्य झाले, तर कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला लांडग्यांसाठी. बंकापूरचे क्षेत्र साडेतीन चौरस किलोमीटरही नाही आणि लांडग्यांच्या एका टोळीला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. म्हणजे पिलांसाठी बीळ अभयारण्यात असले, तरी भक्ष्य शोधायला लांडगा गायरानात आणि शेतांतच जाणार. त्याला वाचवायचे तर उचललेल्या मेंढीची भरपाई धनगराच्या हाती वेळेवर पडली पाहिजे, मोकाट कुत्र्यांकडून येणारे रोग आणि संकर रोखले पाहिजेत आणि गायरानावर रोपे लावण्याआधी तिथे कोणते गवत आहे याची पाहणी झाली पाहिजे. यातले शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे.