आपण तोतये नाही

आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींत आज चित्रकार आहेत, चित्रपटांचे संकलन करणारे आहेत, जाहिरातींचे लेखन आणि पुस्तकांची मांडणी करणारेही आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ती आपल्या कामाविषयी संकोचाने बोलतात. पारितोषिक मिळाले असेल, तर परीक्षक दयाळू होते असे म्हणतात. मोठे काम मिळाले असेल, तर दुसरे कोणी मोकळे नसावे असे म्हणतात. पालकांना हा विनय वाटतो. आम्हांला मात्र त्यात पुष्कळदा भीती दिसते. आपण येथे चुकून येऊन पोहोचलो आहोत आणि एक दिवस ही चूक उघडकीस येईल, अशी ती भीती आहे.

या अवस्थेला 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात. आपल्या भाषेत त्यासाठी 'तोतया' हा जुना शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. आपण भाऊ नाही हे ठाऊक असूनही तो भाऊ म्हणवून घेत होता. येथे नेमके उलट घडते. जो खरा आहे, तोच स्वतःला खोटा समजतो.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये या अवस्थेचे पहिले विवेचन केले. दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांतून त्यांना दिसले की, पदव्या आणि मानसन्मान मिळूनही या स्त्रिया आपल्या यशाचे श्रेय योगायोगाला किंवा इतरांच्या गैरसमजाला देत होत्या. पुढे पुरुषांतही हीच भावना आढळली. हा रोग नव्हे. ही मनाची एक सवय आहे. या सवयीमुळे माणूस कामाची तयारी अतोनात करतो किंवा काम शेवटच्या घटकेपर्यंत लांबवतो. पहिल्या वेळी यश कष्टाच्या नावे जमा होते, दुसऱ्या वेळी नशिबाच्या. स्वतःच्या नावे काहीच जमा होत नाही. कलाक्षेत्रात ही सवय अधिक बळावते, कारण तेथे गणितासारखे बरोबर उत्तर नसते आणि प्रत्येक नवे काम कोऱ्या कागदापासूनच सुरू होते.

तथापि आमच्या मुलांच्या बाबतीत एवढेच सांगून भागणार नाही. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षककथेतील तरुण नोकरीच्या गावी आपली जात लपवतो आणि ती कळल्यावर मार खातो. त्याची उघडे पडण्याची भीती मनाचा खेळ नव्हती. आजही 'सवलतीवर आलेला' हा टोमणा ऐकावा लागतो. तेव्हा भीती वाटली की प्रथम विचारावे : हा माझा स्वतःविषयीचा भ्रम आहे, की दुसऱ्याने माझ्यावर केलेला अन्याय? भ्रम असेल तर तो तपासावा. अन्याय असेल तर त्याला उत्तर द्यावे; तो स्वतःचा दोष मानून घेऊ नये.

धम्माची दृष्टी येथे उपयोगी पडते. दहा संयोजनांपैकी 'मान' हे एक. आपण त्याचा अर्थ गर्व एवढाच घेतो. परंतु तिपिटकात त्याची तीन रूपे सांगितली आहेत : मी इतरांहून श्रेष्ठ, मी इतरांच्या बरोबरीचा, मी इतरांहून हीन. हीनतेची भावनाही 'मान'च आहे, कारण तीही 'मी' भोवतीच फिरते. म्हणून 'मी मोठा आहे' असे घोकणे हा तिच्यावरचा उपाय होऊ शकत नाही. लक्ष 'मी'वरून कामावर नेणे, हा उपाय आहे.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपले छोटे दुकान सांभाळत 'जिणं आमुचं' लिहिले. घरच्यांच्या धाकाने ते लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन यांनी ते पाहून प्रोत्साहन दिले आणि 1986 मध्ये पुस्तक आले. लेखिका म्हणवून घेण्याची परवानगी मिळेपर्यंत बेबीताई थांबल्या नव्हत्या, लिहीत राहिल्या. पुढे त्यांनी निंभोरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळाही चालवली.

यातून काही साध्या गोष्टी सुचतात. तारीखवार एक वही ठेवावी. तीत काय मागितले होते, आपण काय दिले आणि काय नाकारले गेले, हे लिहावे. 'मी नालायक आहे' या वाक्याऐवजी 'मुखपृष्ठावरील अक्षरे फिकट पडली' असे लिहिले, की पुढे काय करायचे ते कळते. खरोखर काही येत नसेल, तर ते शिकावे. अज्ञान म्हणजे फसवणूक नव्हे. अपुरे काम एखाद्या कल्याणमित्राला दाखवावे. झोप उडाली, काम ठप्प झाले, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

पालकांनी नुसते 'नाव काढलेस' म्हणू नये; काम कसे केले, ते विचारावे. आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : शाळेत याल तेव्हा पारितोषिकाबरोबर नाकारले गेलेले आराखडेही आणा. वसतिगृहातल्या मुलांना ते पाहू द्या. खाडाखोड हा कामाचाच भाग असतो, हे ज्याने लहानपणी पाहिले, त्याला पुढे स्वतःची खाडाखोड लपवावी लागणार नाही.