डिप्लोमा झाला, आता डिग्री : केलेली वर्षे वाया जाऊ देऊ नका



गेल्या गळीत हंगामात उसाचे बिल घ्यायला गट ऑफिसात आलेल्या एका सभासदांनी हा प्रश्न काढला. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पास झाला आणि डोंबिवलीला मामांकडे राहून ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागला. पुढे डिग्री करावी म्हणून तिकडच्या एका कॉलेजात चौकशीला गेला. खिडकीवर सांगितले, "बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या वर्षाला बसा." त्याने फी भरली. सहा महिन्यांनी बरोबरच्या एका मुलाकडून कळले, की डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाची वाट असते. तोवर त्या सालची मुदत निघून गेली होती. "साहेब, पोराचं एक वर्ष आन् माझ्या एका प्लॉटचं बिल पाण्यात गेलं," असे ते म्हणाले.

आपल्या भागातील कितीतरी घरांतील मुले आज ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात आहेत. त्यांच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून ही माहिती देत आहोत.

अडचण कोठे आहे?

आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा देते महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ. डिग्री देते विद्यापीठ. ठाणे व कल्याण-डोंबिवलीची बहुतेक कॉलेजे १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. मंडळ वेगळे, विद्यापीठ वेगळे. एका ठिकाणचे मार्क दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालत जात नाहीत. ते धरायचे तर तसा नियम लागतो, आणि त्या नियमाप्रमाणे मुदतीत अर्जही लागतो.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपण ऊस वजनकाट्यावर नेतो, वजन होते, पावती मिळते. पण ही पावती दुसऱ्या कारखान्यात दाखवून पैसे मागितले तर तो देईल काय? त्या दोन कारखान्यांत तसा करार असेल तरच देईल. शिक्षणातील हल्लीच्या पावतीला श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट म्हणतात. साधारणपणे आठवड्याला एक तास व्याख्यान असे सत्रभर झाले, की एक क्रेडिट. प्रॅक्टिकलचे आठवड्याला दोन तास, तेव्हा एक क्रेडिट. २०२३ साली केंद्राने जाहीर केलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका वर्षाचे ४० क्रेडिट व १२०० तास धरले आहेत.

केलेले शिक्षण पुढे दोन तऱ्हांनी धरले जाते. एक तऱ्हा गठ्ठ्याने : मागचा पूर्ण डिप्लोमा बघून डिग्रीचे पहिले वर्ष माफ होते. दुसरी तऱ्हा सुटी : एकेका विषयाचे क्रेडिट मोजून घेतले जाते. आपल्या मुलांच्या उपयोगाची आजवर पहिलीच जास्त आहे.

वाट पहिली : इंजिनिअरिंगचे थेट दुसरे वर्ष

मंडळाचा डिप्लोमा पास झालेल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. याला सीईटी लागत नाही. डिप्लोमाच्या मार्कांवर गुणवत्ता यादी लागते. अर्ज राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून करायचा. कॉलेजच्या खिडकीवर तो होत नाही. मंजूर जागांच्या १० टक्के जागा यासाठी असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही यात येतात. किमान मार्कांची अट त्या त्या सालच्या माहिती पुस्तिकेत दिलेली असते, ती आधी वाचावी.

आता हिशेब करून बघा. दहावीनंतर बारावी दोन वर्षे आणि इंजिनिअरिंग चार, एकूण सहा. दहावीनंतर डिप्लोमा तीन आणि डिग्रीची उरलेली तीन, एकूण सहाच. म्हणजे डिप्लोमावाला मागे पडत नाही. उलट मध्येच नोकरी करावी लागली तरी हातात एक कागद असतो. वर सांगितलेल्या मुलाला बी.एस्सी.साठीही डिप्लोमाची तीन आणि डिग्रीची तीन अशी सहाच वर्षे लागणार. तेवढ्याच वर्षांत इंजिनिअरिंगची डिग्री पदरात पडली असती, हे खरे नुकसान.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. डिप्लोमात हाताचे काम जास्त आणि गणित कमी असते. दुसऱ्या वर्षात गेल्यावर पहिल्या सत्रातच गणित आडवे येते. प्रवेशाआधीची सुट्टी गावी जत्रेत न घालवता पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक घेऊन बसावे.

वाट दुसरी : पारंपरिक पदवी

इंजिनिअरिंग नको, नोकरी सांभाळून साधी डिग्री हवी, अशीही मुले आहेत. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञान या अभ्यासक्रमाच्या नियमांत दहावीनंतरचा तीन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला घेण्याची तरतूद केलेली होती. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, सिव्हिल या शाखा त्यात होत्या. अट खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के अशी होती. म्हणजे डिप्लोमाची तीन आणि डिग्रीची दोन, पाच वर्षांत काम होई. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलले आहेत. तेव्हा फी भरण्याआधी कॉलेजात असे विचारावे : "डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाचा चालू नियम कोणता आहे? तो छापील दाखवा." तोंडी "होय" किंवा "नाही" यावर विसंबू नये.

यापलीकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते निघाले ते अशाच शिकू पाहणाऱ्या कामकरी लोकांसाठी. तसेच २०२३ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत इंजिनिअरिंगचे वर्ग चालवायला मान्यता दिली आहे. त्यास किमान एका वर्षाच्या नोकरीचा अनुभव लागतो. कंपनीतून अनुभवाचा दाखला वेळच्या वेळी घेऊन ठेवावा.

आयटीआयवाल्यांसाठी

ठाणे व अंबरनाथच्या सरकारी आयटीआयमधून बाहेर पडणारा मुलगा एकदम विद्यापीठात जात नाही. त्याला मध्ये एक पायरी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर तो पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करू शकतो. तेथून डिप्लोमा, आणि मग वर सांगितलेली पहिली वाट. दुसरी सोय अशी, की भाषा व ठरवून दिलेल्या विषयाची परीक्षा दिली तर आयटीआयला शालेय प्रमाणपत्राची समकक्षता मिळते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने यासाठी २०१६ साली केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी करार केलेला आहे.

क्रेडिटची बँक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली क्रेडिटच्या बँकेचे नियम काढले. मुलाने डिजिलॉकरवरून आपले खाते उघडायचे. नोंदणी झालेली संस्था त्यात त्याचे क्रेडिट जमा करते. साधारणपणे सात वर्षे ते चालतात. एका डिग्रीसाठी वापरले, की खात्यातून वजा होतात. तीच पावती दोनदा वटत नाही. आणि निम्मे क्रेडिट तरी डिग्री देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात.

ही सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर डिप्लोमा अर्धा सोडू नये. बँकेत जमा असलेले क्रेडिट घ्यायचे की नाही, हे पुढची संस्था आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून ठरवते. अर्ध्या डिप्लोमावर थेट दुसरे वर्ष मिळत नाही. एकदोन विषय राहिले असतील तर आधी तेच सोडवावेत.

पैशाचे काय?

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना लागू होतात. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. व्यवस्थापन कोट्यातून थेट कॉलेजात पैसे भरले, की शुल्क सवलती हातच्या जातात. कोणी एजंट "सीट करून देतो" म्हणून मागे लागला तर हे आठवावे.

कागद कोणते?

डिप्लोमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, अंतिम प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, मागितल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तेथे जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर. आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव अक्षर न् अक्षर सारखे असावे. तहसीलमधले दाखले निकालाची वाट न बघता अगोदरच काढावेत. मुलगा तिकडे नोकरीवर, कागद इकडे घरी ट्रंकेत, आणि मुदत चार दिवसांची, अशी धावपळ दर साली होते.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजे व पॉलिटेक्निक काढायला परवानगी मिळाली. प्रवरा, वारणा, राजारामनगर अशा कारखान्यांच्या परिसरात आज तंत्रशिक्षण दिसते ते ऊस उत्पादकांच्या कष्टातून. त्या शिक्षणाचे एक वर्षही चुकीच्या खिडकीवर वाया जाऊ नये.

तेव्हा सभासदांनी आपल्या पाल्यास, भाच्या-पुतण्यांस हा अंक वाचावयास द्यावा. ठाण्या-डोंबिवलीस असणाऱ्यास निदान फोनवर तरी सांगावे : फी भरण्याआधी "थेट दुसरे वर्ष" हे तीन शब्द विचारायचे. एवढे विचारले तरी घरचे एक वर्ष वाचेल.