मुलाखतीचा सूट : आधी खांदे पाहा, मग किंमत

जबलपूर - तयार कपड्यांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात मुलाखतीसाठी पहिला सूट घेणाऱ्या उमेदवारांपुढे खर्चाचा प्रश्न असतो. मर्यादित पैशांत तयार सूट घेताना प्रथम कोटाचे खांदे पाहावेत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशीच संपावी. ती दुरुस्त करण्यासाठी बाही उसवावी लागते. हे काम अवघड व खर्चिक असते. बाहीची लांबी, कोटाची कंबर व पँटची उंची मात्र शिंप्याकडून थोडक्या खर्चात बदलता येते. शिवणीत पुरेशी माया आहे का, हेही तपासावे.

उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांवर जातो. त्यामुळे हलके कापड सोयीचे ठरते. गडद निळा किंवा करडा रंग पुढे लग्नकार्यातही चालतो. दुरुस्तीचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत आणि मुलाखतीच्या आठवडाभर आधी सूट घालून, बसून पाहावा.